मग गं?

नमस्कार श्रोतेहो. आज ऐकण्याबद्दल बोलूया. फलाटावरची घोषणा आपण फक्त आपल्या गाडीपुरती ऐकतो, तेवढं पुरतं. डॉक्टर औषध सांगतात तेव्हा मात्र नुसती मान हलवू नका. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, ते त्यांना म्हणून दाखवा. पुन्हा सांगते, औषध ऐकलं की लगेच म्हणून दाखवा.

आता माझ्या आजीची गोष्ट. मी कॉलेजात होते. आम्ही दोघी कुंभारवाड्यात माठ घ्यायला गेलो. फ्रिजच्या पाण्यानं घसा गार होतो, तहान भागत नाही, असं माझं आजही ठाम मत आहे. आजी एकेक माठ काठाला धरून उचलायची आणि टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पक्का भाजलेला, बद्द वाजला तर कुठेतरी तडा. तीन माठ तिनं परत ठेवले. हे पारखून ऐकणं. ऑस्ट्रियातले डॉक्टर आउएनब्रुगर हे खानावळवाल्याचे चिरंजीव. त्यांनी १७६१ साली रोग्याच्या छातीवर बोटं वाजवून आतला आजार ओळखायची रीत पुस्तकात मांडली. वडिलांच्या तळघरातली पिंपं किती भरलीत हे वाजवून बघतात, त्यावरून त्यांना ते सुचलं, असं सांगतात.

तर कुंभारीण म्हणाली, "अवकाळीनं दगा दिला बघा, आजी. भट्टी लावली आन् रात्री पाऊस. निम्मा माल गेला."

मी लगेच म्हणाले, "अहो, वरून ताडपत्री टाकायची ना!" पेटत्या भट्टीवर ताडपत्री टिकेल का, याचा मी विचारच केला नव्हता. आजीनं माझा दंड दाबला. एका पालथ्या कुंडीवर ती टेकली आणि म्हणाली, "मग गं?"

बाई बोलत राहिली. उधारीवर आणलेलं सरपण, राखेचा झालेला चिखल, दोन दिवस न जेवलेला नवरा. आजी मध्ये एवढंच म्हणायची, "मग गं?" अर्धा तास, श्रोतेहो! सल्ला एकही नाही. आणि हल्ली आपण फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटत माणसाचं दुःख ऐकतो. ते मला अजिबात पटत नाही. गॅस बंद करा, फोन कानाला लावा.

शेवटी बाईच उठली. आतून एक माठ घेऊन आली, आजीच्या कानाशी धरला आणि स्वतः टिचकी मारली.

"ऐका," म्हणाली, "हा न्या."