लॉ स्टुडंट आणि परदेशातलं सेमिस्टर: आधी कागद, मग तिकीट

नमस्कार मंडळी! सोलापुरातून बोलतेय, घरच्या वरच्या खोलीतून. खाली रस्त्यावर वरात चालली आहे, मध्येच बेंजो ऐकू आला तर सांभाळून घ्या.

जर्मनीहून आल्यापासून कमेंटमध्ये दोनच प्रश्न फिरतायत. पहिला, "ताई, तिकडचा कायदा वेगळा, आपला वेगळा, मग तिकडे जाऊन शिकायचं काय?" दुसरा जास्त करून पालकांचा: "वर्ष वाया जाणार नाही ना?" पहिल्यावर मी मन लावून बोलणार आहे. पण दुसरा आधी घेते, कारण त्याचं उत्तर नीट कळलं नाही तर पहिल्यापर्यंत पोचताच येत नाही.

सोप्या गोष्टी पटापट. मी पुण्यात पाच वर्षांचं लॉ करते. आमच्या कॉलेजचा गॉटिंगेन विद्यापीठाशी करार होता, म्हणून हिवाळी सेमिस्टरला तिकडे गेले. आधी कॉलेज तुमचं नाव पाठवतं, मग तिकडचं प्रवेशपत्र येतं, मग विमा, मग व्हिसा. व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते; ब्लॉक्ड अकाउंटचा (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर महिन्याला ठरावीकच काढायचे, अशा खात्याचा) सध्याचा आकडा महिन्याला 992 युरो, म्हणजे वर्षाचे 11,904. जितके महिने राहणार तितक्याचा हिशेब करा. स्कॉलरशिप असेल तर तिचं पत्र जोडा. अपॉइंटमेंट मुंबईची मिळाली तर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसा, सकाळी मुंबई. तिकडे घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. झालं. यातलं सगळं इंटरनेटवर मिळतं, विचारलं की कुणीही सांगतं.

जे कुणी सांगत नाही ते हे. (कागद कॅमेऱ्यासमोर धरून) नीट बघा. याला लर्निंग अॅग्रीमेंट म्हणतात. डावीकडे मी तिकडे घेणार असलेले पेपर, उजवीकडे त्याच्या बदल्यात इथे माफ होणारे पेपर. खाली तीन सह्या: माझी, तिकडच्या विद्यापीठाची, माझ्या कॉलेजची. उजवीकडचा हा रकाना भरलेला नसेल, तर तिकीट काढू नका. आईवडिलांनी पैसे जमवले असतील, मैत्रिणींनी सेंड-ऑफ दिला असेल, तरी काढू नका.

माझ्या ओळखीतली एक मुलगी दुसऱ्या कॉलेजातून एका वेगळ्या देशात गेली होती. हुशार मुलगी, तिकडे मार्कही उत्तम. तिला इथून तोंडी सांगितलं होतं, "जाऊन या, आल्यावर बघू." आल्यावर बघितलं, आणि सगळे पेपर पुन्हा द्यायला लावले. तिच्यासोबतची मुलं पुढे इंटर्नशिपला गेली आणि ती मागच्या बेंचवर ज्युनियर मुलांबरोबर बसली. "आल्यावर बघू" हे वाक्य ऐकलं की माझा अजून संताप होतो. ज्यांच्या हातात सही आहे त्यांनी विद्यार्थ्याला असं तोंडी बोलून पाठवणं चूक आहे.

आता हाच कागद जरा वेगळ्या बाजूने बघा. बार कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे वकिलीच्या शिक्षणाचे नियम करणारी संस्था, तिच्या 2008 च्या नियमांत सक्तीचे पेपर ठरलेले आहेत. करार, मालमत्ता, पुरावा, दिवाणी प्रक्रिया वगैरे. पुराव्याचा कायदा म्हणजे आता भारतीय साक्ष्य अधिनियम, 1 जुलै 2024 पासून लागू झालेला. तो गॉटिंगेनला कोण शिकवणार? कुणीच नाही. म्हणजे बदली होते ती मुख्यतः ऐच्छिक पेपरांची. आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा, तौलनिक कायदा, मानवी हक्क, बौद्धिक संपदा असे. म्हणून तुमच्या अभ्यासक्रमात ऐच्छिक पेपर कुठल्या सेमिस्टरला जास्त येतात ते काढा आणि त्याच सेमिस्टरला जा. मैत्रीण जातेय म्हणून तिच्याबरोबर जाऊ नका.

आणि तारखा. तिकडचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरपासून, तास फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळी एप्रिलपासून, तास जुलैपर्यंत. आपलं एक सेमिस्टर साधारण जून-जुलैला सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरला परीक्षा, दुसऱ्याची एप्रिल-मेमध्ये. मांडून बघा, कसंही गेलात तरी आपली एक परीक्षा मध्ये येतेच. मग उरलेले सक्तीचे पेपर आल्यावर द्यायचे. ते नियमित धरणार की एटीकेटी, म्हणजे मागे राहिलेले? मार्कशीटवर काय छापून येणार? आणि हजेरी? नियमाने 70 टक्के लागते, तुम्ही तर तिकडे. हे सगळं पत्रावर, तारीख टाकून, शिक्क्यासकट.

अजून एक बाजू आहे, आणि इथे चांगले चांगले फसतात. क्रेडिट आणि मार्क. युरोपात एका सेमिस्टरला 30 क्रेडिट धरतात, आणि एक क्रेडिट म्हणजे एकूण 25 ते 30 तासांचं काम, घरी वाचलेलं धरून. आपल्याकडे ढोबळमानाने आठवड्याला एक तासिका म्हणजे एक क्रेडिट. त्यामुळे तिकडचे पाच म्हणजे आपले पाच होत नाहीत. मार्कांचं तर त्याहून अवघड. जर्मनीत लॉचे मार्क 18 पैकी असतात. पास व्हायला 4. दहा मिळाले तर तिथली मुलं घरी फोन करून सांगतात, इतके ते चांगले समजले जातात. पण तोच कागद घेऊन तुम्ही इथल्या परीक्षा विभागात गेलात, समोरच्या क्लार्कने कॅल्क्युलेटर काढला, 18 पैकी 10, म्हणजे 55 टक्के. गेली तुमची फर्स्ट क्लास! त्या क्लार्कचा यात दोष नाही, त्यांच्यापुढे तक्ताच नाही. तो तक्ता जायच्या आधी ठरवून घ्यायचा आणि याच अॅग्रीमेंटला जोडायचा.

एका दादांनी कमेंट केली होती, "ताई तुम्ही कागदाचंच किती सांगता, अनुभव सांगा की." दादा, आपण वकिली शिकतोय. कागद हाच आपला धंदा आहे. पण अनुभव सांगते, तो तर मला सांगायचाच आहे.

तिकडे पहिल्यांदा वर्गात गेले तेव्हा लेक्चर सव्वादहाला सुरू झालं, वेळापत्रकात दहा लिहिलेलं असताना. दहाच्या पुढे 'सी. टी.' अशी दोन अक्षरं असतात, त्याचा अर्थ पाव तास उशिराने सुरू. सव्वा म्हणजे मात्र सव्वा, सोळावं मिनिट नाही. आणि तास संपला की कुणी टाळ्या वाजवत नाही, सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. शंभर-दीडशे मुलं एकदम. प्राध्यापक मान हलवतात आणि वह्या उचलून जातात. मला ते फार आवडलं.

आता "तिकडचा कायदा शिकून काय उपयोग" याचं उत्तर. समजा तुम्ही इथे दुकानात गेलात, एक चादर निवडली. हीच, लाल-निळ्या चौकटीची. भाव ठरला. "संध्याकाळी येऊन नेतो, पैसे तेव्हाच देतो," म्हणालात. दुपारी दुकानाला आग लागली. चादर कुणाची जळली?

आपल्या 1930 च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम 20 म्हणतं: ठरलेली वस्तू, देण्याजोग्या अवस्थेत, विनाअट सौदा, मग सौदा झाला त्याच क्षणी मालकी तुमची. पैसे नंतर, ताबा नंतर, काही फरक पडत नाही. आणि कलम 26 प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर नुकसानही मालकाचं. म्हणजे चादर तुमची जळली. जर्मनीत उलट. तिथे विक्रीचा करार झाला म्हणजे दुकानदारावर चादर द्यायची जबाबदारी आली, बस्. मालकी जायला दुसरं पाऊल लागतं: हातात देणं, आणि मालकी बदलतेय यावर दोघांचं एकमत. त्यांच्या नागरी कायद्याच्या संहितेत विक्री 433 व्या कलमात आणि मालकी थेट 929 व्या कलमात, इतकी लांब. ही संहिता 1 जानेवारी 1900 पासून लागू आहे आणि मुलं ती लाल जाडजूड पुस्तकात परीक्षेला घेऊन बसतात.

मी कलम 20 इथे पाठ केलं होतं, पेपरात लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. पण ते कलम असंच का आहे, दुसरं असू शकतं का, हा प्रश्न मला तिकडच्या वर्गात बसल्यावर पडला. उपयोग विचारता ना, हा उपयोग! आपलं कलम परक्या कलमाशेजारी ठेवलं की पहिल्यांदा दिसतं. ज्युरिसप्रुडन्सच्या (विधिशास्त्राच्या) पेपरला आपण इहरिंग हा जर्मन कायदेपंडित घोकतो, तो गॉटिंगेनलाच शिकवायचा, 1892 मध्ये तिथेच वारला. तिकडे राहिल्यावर त्याचं पुस्तक मी परीक्षेसाठी नाही, स्वतःसाठी वाचलं.

उत्तर लिहायची पद्धतही वेगळी. आधी प्रश्न मांडायचा, मग व्याख्या, मग समोरची घटना त्या व्याख्येत बसते का ते एकेक शब्द तपासायचं, आणि निष्कर्ष सगळ्यात शेवटी. निष्कर्ष आधी लिहिला की मार्क गेले. आपल्याकडे केस लॉची नावं भरभरून लिहिली की पान भरतं. तिथे नाव नाही, पायऱ्या मोजतात. मला हे रुळायला वेळ लागला, पण आता मूट कोर्टचं (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्याचं) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवादही मी असाच लिहिते.

सेमिनारमध्ये प्रत्येकाला आपल्या देशाचा मालमत्तेच्या हक्कावरचा एक खटला आणायला सांगितला होता. मी आपली जुनी मिल नेली. हो, आपली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग. 1949 ला मिल बंद पडली, कामगार रस्त्यावर आले, आणि जानेवारी 1950 मध्ये सरकारने अध्यादेश काढून कारभार ताब्यात घेतला, मागोमाग कायदा केला. चिरंजितलाल नावाचे एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. एकाच कंपनीसाठी कायदा कसा करता, हा समानतेचा भंग नाही का? डिसेंबर 1950 मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ते हरले. पण 1953 मध्ये द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात त्याच मिलबद्दल न्यायालयाने भागधारकाच्या बाजूने कौल दिला. समानतेवर शिकणारा देशातला प्रत्येक लॉचा विद्यार्थी चिरंजितलालचा खटला वाचतो, आणि आपल्याच सोलापुरात किती जणांना माहीत आहे? शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला याचं खरंच वाईट वाटतं.

एक गंमत म्हणजे मी सारखी "अनुच्छेद 14", म्हणजे आपला समानतेचा, म्हणत होते आणि समोरचे गोंधळत होते, कारण त्यांच्या संविधानात 14 म्हणजेच मालमत्ता, समानता तिसऱ्यात. तो गुंता सुटल्यावर एका मुलीने विचारलं, "पण कामगारांचं काय झालं?" निकालपत्रात कामगार सुरुवातीच्या हकिगतीत येतात आणि पुढे सगळा वाद भागधारकाचा. माझी आजी अजून मिलच्या भोंग्याबद्दल बोलते. मी तिचं सांगितलं, जेवढं आठवलं तेवढं. वर्ग गप्प बसून ऐकत होता, आणि मग बाकांवर टकटक झाली.

जेवणाचं विचारणारे खूप आहेत. कडक भाकरी न्या, शेंगाचटणी न्या, दोन्ही टिकतात. तूप, पेढे, खवा अजिबात नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आणि हो, हिवाळी सेमिस्टरला गेलात तर गड्डा, म्हणजे आपली जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा, चुकणार. त्यातला अक्षता सोहळा मी तिकडे सकाळी क्लासला जायच्या आधी फोनवर बघितला. आईने फोन गर्दीत वर धरला होता, हात दुखेपर्यंत.

अक्कलकोटच्या एका काकांनी लिहिलंय, "मुलीला पाठवावं का?" काका, पाठवा. ती राहील, शिकेल, काळजी करू नका. फक्त तिच्या कॉलेजात एकदा तिच्याबरोबर स्वतः जा आणि हा उजवीकडचा रकाना भरून, सही-शिक्का घेऊन या. कोऱ्या कागदाचा नमुना मी व्हिडिओखाली ठेवतेय. खाली कमेंटमध्ये तुमचं सेमिस्टर आणि ऐच्छिक पेपर लिहा, कुठला पेपर बदलून मिळू शकेल ते मी एकेकाला बघून सांगते.