लिंबू मासा शिजवत नाही
(नाशिक येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय ‘फळं घातलेली थंड कोळंबी’ असा छापलाय. समोर द्राक्षवाली मंडळी बरीच दिसताहेत, म्हणजे कोळंबीत द्राक्षं कधी आणि कशी घालायची, हेच ऐकायला तुम्ही आलात. तिकडे जाऊच. पण एक समज खोडल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. लिंबाच्या रसात मासा शिजतो, हा तो समज.

शिजत नाही हो! सायट्रिक आम्लाने माशातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत अडकतात आणि मांस पांढरं, घट्ट होतं. आचेवरही तसंच होतं, म्हणून डोळे फसतात. पण आच जंतू मारते. लिंबू त्यांना मारेल याची खात्री नाही. किनाऱ्याजवळच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जीवाणू असतात आणि ते कोळंबीबरोबर घरात येऊ शकतात. अर्धा तास रसात ठेवली म्हणून ते संपले असं धरून चालणं धोक्याचं आहे. पाककृतीच्या व्हिडिओंमध्ये कच्ची कोळंबी रसात टाकून ‘झाली शिजून’ म्हणतात तेव्हा जीव तुटतो, कारण ते बघून कुणाच्या तरी घरचं लेकरू आजारी पडतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘आम्ही आधी फ्रीझरमध्ये ठेवली होती.’ गोठवण्याचा उपयोग माशातल्या कृमींसाठी. त्यालाही अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा निकष उणे 20 अंशांवर 7 दिवस असा आहे. घरचा फ्रीझर जेमतेम उणे 18 पर्यंत जातो आणि आइस्क्रीमसाठी दिवसातून दहादा उघडतो. शिवाय गोठवल्याने बरेचसे जीवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. गंगापूर धरणातला रोहू-कटला तर कच्चा वापरायचाच नाही. गोड्या पाण्यातल्या माशांच्या कृमींचा धोका वेगळा आणि मोठा.

आजचा हा पदार्थ मूळ सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. पेरूमध्ये तो राष्ट्रीय अभिमानाचा विषय आहे. 2023 मध्ये युनेस्कोने त्याची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिथे किनाऱ्यावर सकाळी धरलेला मासा दुपारी ताटात येतो. आपली कोळंबी बर्फात बसून कसारा घाट चढून येते. पण म्हणून मन खट्टू करायचं कारण नाही. शेजारच्या इक्वेडोरमध्ये कोळंबीचं सेविचे करताना कोळंबी आधी उकळत्या पाण्यातून काढायची रीतच आहे. आपणही तेच करू. ही तडजोड नव्हे, तीही एक अस्सल पद्धत आहे.

घेताना डोकं धडाला घट्ट चिकटलेलं पाहा. अमोनियासारखा उग्र वास आला की परत फिरा. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात तरंगणारी कोळंबी नको, तिची चव पाण्यात गेलेली असते. डोकं-सालीसकट एक किलो घेतलीत तर सोलून साधारण 500 ग्रॅम उरते. पाठीवर चीर देऊन काळा धागा काढा.

दोन लिटर पाण्यात चार मोठे चमचे मीठ घालून खळखळ उकळी आणा आणि कोळंबी दोन भागांत टाका. एकदम टाकली तर पाणी निवतं, बाहेरून रबर आणि आतून कच्ची राहते. मध्यम आकाराला दीड ते दोन मिनिटं. एक कापून बघा, मध्ये काचेसारखा भाग दिसता कामा नये. चंद्रकोरीइतकी वळली की काढा. पूर्ण रिंगण झालं म्हणजे जास्त झाली. लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, तीन-चार मिनिटांत बाहेर काढा आणि स्वच्छ फडक्यावर खरोखर कोरडी करा. सगळ्यात जास्त चूक इथे होते. ओली कोळंबी रस पातळ करते, मग लोक लिंबू वाढवतात, मग मीठ वाढवतात आणि पदार्थ हातचा जातो.

रस 100 मिलिलिटर, म्हणजे सहा-सात कागदी लिंबं. हलक्या हाताने पिळा, सालीचा कडूपणा उतरू देऊ नका. त्यात सपाट चमचाभर मीठ, दोन बारीक चिरलेल्या हिरव्या मिरच्या, चमचाभर आल्याचा रस. लाल कांदा कागदासारखा पातळ चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि निथळून घाला. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियम, पितळ नको, आंबट रस धातू खातो. या रसात कोळंबी घालून फ्रीजमध्ये 4 अंशांच्या आसपास 30 ते 40 मिनिटं. तासाच्या पुढे गेलं की आम्ल मांसातलं पाणी काढतं आणि कोळंबी खडूसारखी लागते.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. फळं आता भराभर सांगतो.

कोशिंबिरीला मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, द्राक्षांचंही तसंच. म्हणून ती वाढायच्या फक्त दहा मिनिटं आधी. 200 ग्रॅम थॉमसन किंवा सोनाका ही हिरवी द्राक्षं वाहत्या पाण्यात नीट धुवा, पुसा, उभी अर्धी चिरा आणि वेगळी गार करून ठेवा. पिकून कडक असलेलीच घ्या. काळ्या द्राक्षांचा रंग रसात उतरतो. चव बिघडत नाही, पण कोळंबी मळकट दिसते.

ताजा अननस, किवी, कच्ची पपई नको. त्यांतली विकरं, म्हणजे एन्झाइम, प्रथिनं तोडतात, कोळंबी पिठूळ होते. अननस हवाच असेल तर उकळून गार केलेला चालतो, आचेने ते विकर निकामी होतं. डाळिंबाचे दाणे उत्तम. आंबा कडक, अर्धवट पिकलेला. कोथिंबीर अगदी शेवटी, नाहीतर काळवंडते.

वाट्या आधी फ्रीजमध्ये ठेवा, वाढलेलं तासाभरात संपवा. उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. प्रश्न असतील तर खाली चहाला भेटू.