रुक्मिणी वेगळी का उभी? रा. चिं. ढेरे यांच्या शोधवाटेविषयी

श्रोतेहो, नमस्कार.

पंढरपूरला गेल्यावर आपण आधी विठोबाच्या पायांवर डोकं ठेवतो आणि मग मागच्या बाजूला रुक्मिणीच्या दर्शनाला जातो. नवरा-बायको खरे, पण गाभारे दोन. विठोबाकडे बडवे आणि रुक्मिणीकडे उत्पात अशी पुजाऱ्यांची घराणीही पिढ्यान्‌पिढ्या निराळीच होती. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले. डोळ्यांना सवय झाल्यामुळे आपल्याला यात काही खटकत नाही. लोकदैवतांचे संशोधक डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे मात्र नेमके अशा खटकणाऱ्या जागी थांबत आणि तिथूनच खणायला सुरुवात करत.

ढेरे यांचा जन्म 21 जुलै 1930 चा, पुणे जिल्ह्यातल्या आंदर मावळातल्या निगडे गावचा. आईवडील लहानपणीच गेले. पुढे ते पुण्यात आले आणि कष्टानं शिकले. पीएच.डी. मिळाली 1975 साली, पंचेचाळिशीला टेकल्यावर. तोवर खंडोबा, नाथ संप्रदाय, दत्त संप्रदाय या विषयांवरची त्यांची पुस्तकं अभ्यासकांच्या हाती पोचलेली होती. ‘लज्जागौरी’ 1978 चं, ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ 1984 चं. या दुसऱ्या ग्रंथाला 1987 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 2011 मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. शंभरावर पुस्तकं लिहून 1 जुलै 2016 रोजी ते गेले. चरित्र एवढ्यावर ठेवू. आजचा विषय त्यांची कामाची रीत हा आहे.

विठ्ठलाचंच उदाहरण घेऊ. कागदोपत्री, म्हणजे खरं तर दगडावर, पुरावा फार मागे जात नाही. पंढरपूरच्या देवळातला 1189 चा लेख, मग होयसळ राजा सोमेश्वराचा 1237 चा आणि त्यानंतर 1273 ते 1277 या काळातला चौऱ्यांशीचा लेख. या शेवटच्या लेखात देवळाला देणग्या देणाऱ्यांची नावं आहेत, यादवांचा रामदेवराव आणि त्याचा मंत्री हेमाद्री हेही त्यांत आहेत. या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी भाविकांची श्रद्धा. लेखाला नाव पडलं ते त्यावरून, आणि अक्षरं झिजली तीही त्यामुळेच. पुरावा श्रद्धेनंच पुसला जातो, असे प्रकार आपल्याकडे पुष्कळ.

नुसत्या शिलालेखांवर थांबलं, तर विठ्ठल हा बाराव्या-तेराव्या शतकात एकदम वर आलेला वैष्णव देव ठरतो. त्याआधी तो कोण होता? इथं ढेरे दुसरी कागदपत्रं उघडतात, आणि ती कागदावर नसतात.

पहिली साक्ष जत्रेची. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल आणि धनगरांचा देव बिरदेव एकाच देवळात आहेत, भाऊ-भाऊ म्हणून. दसऱ्यानंतर तिथं धनगरांची मोठी जत्रा भरते, भंडारा उधळला जातो, ढोलांच्या गजरात देवाचे मानकरी फरांडेबाबा तलवार घेऊन येतात आणि पाऊसपाण्याची, पिकांची भाकणूक म्हणजे भविष्य सांगतात. या विठ्ठलाजवळ टाळ-वीणा नाही की तुळशीची माळ नाही. तो मेंढरांचा राखणदार आहे. धनगरांच्या ओव्यांत त्याच्या बायकोचं नाव पदुबाई असं येतं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांवर याच भागात काम केलं. ढेरे यांनी तो सगळा धागा पंढरपूरपर्यंत नेला.

दुसरी साक्ष कथेतल्या अडखळण्याची. रुक्मिणी रुसली, पंढरपूरच्या दिंडीरवनात जाऊन बसली, कृष्ण तिला शोधत आला, वाटेत पुंडलिकानं वीट फेकली आणि देव तिच्यावर उभा राहिला. गोष्ट गोड आहे. पण ती सांगावी का लागली? दोन देव मुळात वेगळे असले आणि मागाहून एका संसारात आणायचे असले, तर मधलं अंतर कुठल्या तरी कारणानं भरावं लागतं. रुसवा हे त्यातलं सगळ्यात सोपं कारण. तिरुपतीला पाहा. बालाजी डोंगरावर, पद्मावती खाली तिरुचानूरला, आणि लक्ष्मी रुसून कोल्हापूरला निघून गेलेली. तिथंही देव वारुळात सापडतो, गाय त्यावर पान्हा सोडते, गुराखी मध्ये येतो, आणि आजही पहाटे दार उघडल्यावर पहिलं दर्शन गोल्ला म्हणजे गवळी समाजाच्या मानकऱ्याला मिळतं. ढेरे यांनी व्यंकटेश्वरावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं ते उगीच नाही.

तिसरी साक्ष भोवतीच्या देवळांची. पुंडलिकाचं देऊळ चंद्रभागेच्या वाळवंटात आहे. आत शिवलिंग आहे, त्यावर मुखवटा चढवतात, आणि पूजेचा मान कोळ्यांचा. विष्णूच्या लाडक्या भक्ताच्या समाधीवर पिंडी कशी, हा प्रश्न विचारला की क्षेत्राच्या जुन्या शैव थराला हात लागतो.

या तिन्ही साक्षी एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हाच ढेरे निष्कर्ष काढतात. गोपजनांचा देव, त्यावर शैव भूमी, त्यावर वैष्णव पुराण, त्यावर संतांची भक्ती. नावातला ‘महासमन्वय’ तो हा.

आता जिथं पाय घसरतो ती जागा. नावांच्या व्युत्पत्ती. विठ्ठल शब्द कुठून आला यावर भांडारकर, राजवाडे या जुन्या संशोधकांपासून प्रत्येकानं आपापली वाट काढली, आणि ध्वनिसाम्याच्या बळावर जवळजवळ काहीही सिद्ध करता येतं. ढेरे हेही नावांच्या साखळ्या जोडतात. आमच्या मते त्यांच्या इमारतीतला हा सर्वांत कच्चा खांब. विधी आणि मानपान यांचा पुरावा त्याहून पक्का, कारण नाव एका पिढीत बदलू शकतं, पण नैवेद्य कुणाच्या घरून येतो हे बदलायला गावात भांडण व्हावं लागतं.

माढ्याचा वादही असाच. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, 1659 मध्ये, विठ्ठलमूर्ती सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याला हलवली, अशी परंपरा आहे. संस्कृत ‘पांडुरंगमाहात्म्या’त मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरं असल्याचं वर्णन येतं. पंढरपूरच्या मूर्तीवर ती नाहीत, माढ्याच्या मूर्तीवर आहेत. म्हणून मूळ मूर्ती माढ्याची, असं ढेरे यांनी मांडलं आणि मोठं वादळ उठलं. युक्तिवाद नेटका आहे, पण त्याला एक बिजागरी आहे: माहात्म्य लिहिणाऱ्यानं समोरची मूर्ती पाहून लिहिलं, हे गृहीत धरावं लागतं. पोथी पाहून मागाहून मूर्ती घडवली गेली असेल, तर दार उलट्या बाजूनं उघडतं.

‘लज्जागौरी’त हीच रीत देवीकडे वळते. तेर आणि भोकरदनला सापडलेल्या, मस्तक नसलेल्या किंवा मस्तकाच्या जागी कमळ असलेल्या, गुडघे फाकवून बसलेल्या लहान मूर्ती, आणि तेलंगणातल्या आलमपूरची जोगुळांबा देवी. त्यांच्या शेजारी ढेरे रेणुकेचा मस्तकहीन देह ठेवतात, माहूरचा नुसता मुखवटा ठेवतात, आणि वारूळ ठेवतात. गोव्यात सांतेरी देवीच्या गाभाऱ्यात आजही वारूळच पुजलं जातं. वारूळ म्हणजे भूमीची योनी, हे एकदा ध्यानात आलं की नागपंचमीला बायका वारुळाला का जातात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या गावच्या देवाबद्दल कुणाला असं काही टिपून ठेवायचं असेल, तर काही गोष्टी हाताशी असाव्यात. गोंधळी संबळावर देवांना आवतण देतो, ‘गोंधळा ये’ म्हणत एकेका ठिकाणाचं नाव घेतो. ती नावं त्याच क्रमानं लिहा. न कळणारं नाव ऐकू येईल तसंच लिहा, सुधारू नका. सुधारलेलं नाव नकाशावर सापडतं, पण मूळ नाव कायमचं हरवतं. मूर्तीवर शेंदराचे थर असतील तर खरवडायला जाऊ नका. कवच निघून पडलं असेल त्याच दिवशी पाहा, फोटो काढा, हात किती आणि त्यांत काय ते मोजा. जीर्णोद्धारात संगमरवरी मूर्ती बसते आणि जुना तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजलेला अनघड दगड, पिंपळाखाली जातो. अभ्यासाला तो तांदळा लागतो, म्हणून आधी पिंपळाखाली बघा. एकाच नावाचे दोन देव एक समजू नका. म्हसोबा गावोगाव आहे आणि प्रत्येक ठिकाणी तोच नाही.

जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, बकरं कोण आणतं, ते कुणाच्या हातून कापलं जातं, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत कोण जातं आणि बाहेर कोण थांबतं, हे एका वहीत लिहा. पुढच्या वर्षी तीच वही घेऊन पुन्हा जा आणि काय बदललं ते समोरच्या पानावर, तारीख घालून लिहा.

नमस्कार.