माळावरचा पडदा

सातारा जिल्ह्यातलं पुसेगाव. सेवागिरी महाराजांचा रथ नोटांच्या माळांनी झाकून गेलाय. रथामागं गर्दी, बैलबाजार, पाळणे, आणि पार माळाच्या टोकाला हा तंबू. जत्रेतला सिनेमा.

पोरं सकाळपासून मेखा ठोकतायत. दोर ताणले, कनात लागली. आत खुर्च्या नाहीत. मोकळी जमीन, आणि मधोमध एक दोरी. अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये.

सिनेमा दाखवायचं हे मशीन ट्रकच्या हौद्यातच पक्कं बसवलंय. या चित्रणासाठी आमच्या आग्रहाखातर ऑपरेटरमामांनी आज एक जुनं रीळ चढवलं. त्यांचे हात बघा. दातेरी चाकावरून फिल्म खाली येते. फिल्मवर उजेड पडतो त्या खिडकीच्या वर एक सैल वळसा, खाली एक सैल वळसा. सगळी करामत या दोन वळशांत आहे. वरून फिल्म सलग उतरते, खिडकीपुढं मात्र थबकत थबकत सरकते, सेकंदाला 24 वेळा. वळसा आखडला की फिल्म फाटलीच. आणि कडेची ही नागमोडी रेघ दिसते? तो आवाज. चित्राच्या वीसएक फ्रेम पुढं छापलेला, कारण मशीन तो खिडकीच्या खाली वाचतं. खालचा वळसा जास्त मोठा झाला, तर पडद्यावर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. मामा हे बोटानं मापतात.

तुटलेली फिल्म ब्लेडनं खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायची. तोवर तंबूत शिट्ट्या. मामा पोरवयात रिळांचे डबे पुसायला आले होते. बघून बघून शिकले. ही विद्या आम्हाला कुठं लिहून ठेवलेली सापडली नाही, म्हणून हे चित्रण.

2010 नंतरच्या काही वर्षांत नव्या सिनेमांची रिळं येणं थांबलं. सिनेमा हार्ड डिस्कवर आला, उपग्रहावरून आला. मालकांनी पदरमोड करून डिजिटल प्रोजेक्टर घेतले. 2016 मध्ये जिओ आलं आणि सिनेमा ज्याच्या त्याच्या खिशात गेला. कितीतरी तंबू उठले, ऑपरेटर दुसऱ्या कामाला लागले.

दिवस मावळला. भोंगा सुरू झालाय. मोबाइल हातात असलेली ही पोरंसुद्धा तिकिटाच्या रांगेत आहेत. दोरीपलीकडच्या आजी नातवाला मांडीवर घेऊन कधीच्या बसल्यात.

मामांनी रीळ उतरवून डब्यात ठेवलं. मशीनवर ताडपत्री टाकली. शेजारच्या छोट्या पेटीचं बटण दाबलं.

पडदा उजळला.