चव्वेचाळीस विजय, पंचेचाळीस पराभव

[मैदान, वरून]

अटलांटा. ट्रूइस्ट पार्क. सेंटर फील्डच्या गवतात कापून काढलेला आकडा बघा : ४४. हा अटलांटाच्या ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे थोर फलंदाज हँक आरन यांचा जर्सी क्रमांक. आरन जानेवारी २०२१ मध्ये गेले, आणि संघ तो हंगाम या आकड्याच्या सोबतीनं खेळला. जुलैत ऑल-स्टारची, म्हणजे हंगामाच्या मधली, सुट्टी लागली तेव्हा संघाचे विजय होते नेमके ४४. पराभव ४५.

हंगाम १६२ सामन्यांचा, सहा महिने जवळपास रोज खेळायचं. अर्धा टप्पा ओलांडला की प्रत्येक संघात खेळाडूंची झाडाझडती होते. इथं तर होणारच होती. सलग तीन वर्षं आपला गट जिंकलेला हा संघ तिसऱ्या क्रमांकावर होता, न्यूयॉर्क मेट्सच्या चार सामने मागं. सुरुवातच चार पराभवांनी झालेली. २५ एप्रिलला एकाच दिवशी सात-सात इनिंगचे (डावांचे) दोन सामने झाले आणि दोन्ही मिळून अटलांटाच्या नावावर एक हिट, म्हणजे फलंदाजाला बेसपर्यंत, मैदानावरच्या चार टप्प्यांपैकी एकापर्यंत, पोचवणारा फटका, लागली. एकच.

[मायामी, १० जुलै]

हा रोनाल्ड अकुन्या. वय २३. ८२ सामन्यांत २४ होम रन (थेट मैदानाबाहेरचे फटके), १७ बेस फटक्याशिवाय धावून चोरलेले. उजव्या बाजूला उंच फटका येतो, तो भिंतीकडे धावतो, उडी घेतो. आता उजवा पाय टेकतो तो क्षण बघा.

गुडघ्याचा लिगामेंट फाटला. हंगाम संपला.

[सराव, इनफिल्ड]

आता राहिलेल्यांकडे बघू. फर्स्ट बेसवर फ्रेडी फ्रीमन, आदल्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. मे महिन्यात त्याची सरासरी बरीच खाली होती, पण फटके जोरदार बसत होते, ते क्षेत्ररक्षकांच्या हातात जात होते एवढंच. सेकंड बेसवर क्युरासाओचा ऑझी ऑल्बीज, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणारा. शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, डॅन्स्बी स्वॉन्सन; हे मैदान ज्या कॉब काउंटीत आहे तिथंच वाढलेला. आणि थर्ड बेसवर ऑस्टिन रायली, ज्याची २०२० ची सरासरी होती ०.२३९. दहा संधींमध्ये तीन हिट मारणारा इथं उत्तम फलंदाज ठरतो, म्हणजे हा आकडा साधारणच. रायलीच्या हातून थर्ड बेस काढून घ्यावा असं वाटायला तो पुरेसा होता. संघानं तो काढून घेतला नाही. हंगामअखेर या चौघांचे होम रन झाले १२१, त्यातले ३३ रायलीचे.

जुलैचा तक्ता हे सांगत नव्हता. मात्र त्याच तक्त्यात आणखी एक रकाना असतो, केलेल्या आणि दिलेल्या धावांचा. तिथं अटलांटा जमेत होतं. हरणारा संघ आणि सामने निसटणारा संघ यांत फरक असतो, तो या रकान्यात दिसतो.

[बुलपेन, पिचरांची सरावाची जागा, संध्याकाळ]

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. चार्ली मॉर्टन, वय ३७, याच संघातून २००८ मध्ये सुरुवात करून बाकी लीग फिरून परतलेला; त्याचा कर्व्हबॉल, वळत खाली येणारा चेंडू, पडताना बघत राहावं. मॅक्स फ्रीड, एप्रिलमध्ये मार खाऊन आणि मांडीचा स्नायू दुखावून बसलेला, आता सावरत असलेला.

आणि हा डावखुरा. टायलर मॅट्झेक. याच्यापाशी थांबायला हवं. कोलोरॅडोकडून २०१४ मध्ये तो मोठ्या लीगमध्ये आला, आणि पुढं चेंडू नेमका जागेवर टाकणंच त्याला जमेनासं झालं. हात धड, खांदा धड, तरी जमेना. संघ सुटले. टेक्सासमधल्या एका स्वतंत्र लीगच्या क्लबात, मोठ्या लीगच्या नकाशाबाहेर, तो पुन्हा एकेक चेंडू टाकायला शिकला. २०१९ मध्ये अटलांटानं त्याला घेतलं. अर्ध्या हंगामाच्या कागदावर या माणसापुढं फक्त इनिंग आणि धावा लिहिलेल्या असतात. आमचं म्हणणं एवढंच की मूल्यमापन करणाऱ्यानं मागची पानंही वाचावीत.

[डगआउट, खेळाडूंची बसायची जागा]

ती वाचणारा माणूस हा. त्या हंगामातला मॅनेजर ब्रायन स्निटकर. १९७७ मध्ये कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून ब्रेव्ह्जच्या संस्थेत आला, मोठ्या लीगमध्ये कधी खेळला नाही. डरहॅम, मेकन, ग्रीनव्हिल, रिचमंड अशा गावांमधून धाकट्या संघांना बसनं फिरवत राहिला. मुख्य संघ हाती आला तेव्हा साठी गाठली होती. चाळीस वर्षं ज्यानं कच्ची पोरं पिकताना पाहिली, तो जुलैत घाईनं कुणाला मोडीत काढत नाही.

[रिकामं आऊटफिल्ड, मैदानाचा मागचा भाग]

खरं भगदाड इथं होतं. अकुन्या जायबंदी. मार्सेल ओझुनाची बोटं मोडली, नंतर घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात त्याला अटक झाली. नवखा क्रिस्टियन पाचे ०.१११ वर अडकला. गिएर्मो एरेदियानं प्लास्टिकच्या तलवारी वाटून डगआउट जागतं ठेवलं, पण त्याच्या एकट्याच्या बॅटवर गट जिंकता येत नव्हता.

जनरल मॅनेजर अ‍ॅलेक्स अँथोपोलस यांनी एक बडा तारा शोधला नाही. १५ जुलैला शिकागोहून जॉक पीडरसन आला. ३० जुलैला, अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी, आणखी तिघं : अ‍ॅडम ड्युव्हल, कॅन्सस सिटीत ०.१९२ वर चाचपडणारा होर्हे सोलेर; आणि एडी रोझारिओ, जो त्या दिवशी पोटाचा स्नायू दुखावल्यामुळं खेळूच शकत नव्हता. दुसऱ्यांच्या पडत्या भावातली ही माणसं. चौघांसाठी मिळून अटलांटानं आपल्या पहिल्या फळीतला एकही खेळाडू दिला नाही.

६ ऑगस्टला संघाचे विजय त्या हंगामात पहिल्यांदा पराभवांपेक्षा जास्त झाले. रोझारिओ महिनाअखेरीस उतरला. १९ सप्टेंबर, सॅन फ्रान्सिस्को : एका बेसची एकेरी, दोनची दुहेरी, तीनची तिहेरी आणि होम रन, चारही हिट एकाच सामन्यात, आणि त्यासाठी त्याला सामन्यात चेंडू लागले पाच. हे सलग बघा.

[ह्यूस्टन, २ नोव्हेंबर २०२१]

८८ विजय, गटविजेतेपद आणि वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचं १९९५ नंतरचं पहिलं विजेतेपद. मालिकेचा मानकरी सोलेर.

[मैदान, सराव]

अकुन्या पुढच्या एप्रिलमध्ये परतला. २०२३ मध्ये त्यानं ४१ होम रन मारले, ७३ बेस चोरले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.