वाढत्या वस्तीतल्या शाळेचे आणि रस्त्याचे पैसे नक्की कोण भरतो?

नमस्कार.

नवी वस्ती वेगाने वाढू लागली की रस्त्यावरची कोंडी सगळ्यांना दिसते, पण शाळेतली कोंडी पालक आणि शिक्षक सोडले तर कोणाच्या नजरेस पडत नाही. ग्रंथालयाच्या खोलीत तिसरीचा वर्ग भरू लागतो, मैदानाच्या कडेला पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या उभ्या राहतात, मधली सुट्टी दोन तुकड्यांत होते, आणि हे सगळे दोन वर्षांपुरते आहे असे ज्यांना सांगितलेले असते ती मुले त्याच पत्र्याखालून सातवी पास होऊन बाहेर पडतात. तिकडे बाहेर, कधी काळी शेतमालाच्या गाड्यांसाठी केलेल्या दुपदरी रस्त्यावर सिग्नल तीन वेळा हिरवा झाल्याशिवाय चौक ओलांडता येत नाही.

मग सभा होते, आणि तिथे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. जुने रहिवासी म्हणतात, "आमच्या शाळा, आमचे रस्ते झालेले आहेत, जे नव्याने येत आहेत त्यांनी आपले पैसे आणावेत." नवे रहिवासी म्हणतात, "आम्हीही तुमच्याइतकीच घरपट्टी भरतो, मग वेगळा भुर्दंड कशाला?" या दोन्ही वाक्यांत एक तिसरा माणूस निसटतो, आणि आजचा व्हिडिओ मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

आधी अडचण कुठून सुरू होते ते पाहू. शाळा पहिले मूल येण्याआधी बांधावी लागते आणि रस्ता पहिली गाडी येण्याआधी रुंद करावा लागतो. घरपट्टी मात्र घर बांधून झाल्यावर, आकारणी झाल्यावर, आणि पुढे वर्षानुवर्षे थोडीथोडी येते. खर्च आज, उत्पन्न उद्या. हे अंतर भरून काढण्याचा जुना आणि माझ्या मते आजही सर्वांत न्याय्य मार्ग म्हणजे कर्जरोखे: आज कर्ज काढायचे, शाळा बांधायची, आणि वीस-तीस वर्षांत ते फेडायचे, म्हणजे जो पंधरा वर्षांनी राहायला येईल तोही आपला वाटा उचलतो.

मग हा मार्ग अडतो कुठे? मतपेटीत. शाळेसाठी कर्ज काढायला जिथे मतदारांची संमती लागते, तिथे ज्यांच्यासाठी शाळा बांधायची ते लोक अजून तिथे राहायलाच आलेले नसतात. मत जुन्यांचे, गरज नव्यांची. कॅलिफोर्नियात अशा रोख्यांना दोन-तृतीयांश मते लागत; २००० साली मतदारांनीच ही अट शाळांपुरती ५५ टक्क्यांवर आणली, कारण बहुमताचा पाठिंबा असलेले प्रस्तावही वर्षानुवर्षे पडत होते.

त्याच कॅलिफोर्नियात १९७८ साली प्रपोझिशन १३ हा प्रस्ताव सार्वमताने मंजूर झाला. मालमत्ता कर आकारणीमूल्याच्या १ टक्क्यावर बांधला गेला, आणि मालमत्ता विकली जात नाही किंवा तिथे नवे बांधकाम होत नाही तोपर्यंत ते आकारणीमूल्य वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढेल असे ठरले. एकाच गल्लीत, एकाच नकाशाच्या दोन घरांत राहणारे शेजारी अगदी वेगळा कर भरतात, कारण एकाने घर तीस वर्षांपूर्वी घेतले आणि दुसऱ्याने गेल्या वर्षी. (नव्याने येणाऱ्यांना आपला वाटा उचलायला सांगणारे वाक्य अशा गल्लीत जरा जपून उच्चारायला हवे.) कराचा दरवाजा असा अरुंद झाल्यावर स्थानिक संस्थांनी दुसऱ्या दरवाजाकडे मोर्चा वळवला. १९८२ साली मेलो-रूस नावाचा कायदा झाला, ज्यामुळे नव्या वसाहतींपुरता खास कर लावून त्याच्या आधारावर शाळा आणि रस्त्यांसाठी रोखे काढता येऊ लागले; आणि बांधकाम परवानगी देतानाच घरामागे ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत, जिला तिकडे इम्पॅक्ट फी म्हणतात, चांगलीच रुजली. आपण तिला विकास शुल्क म्हणू.

विकास शुल्काच्या धनादेशावर सही बिल्डरची असते, म्हणून शुल्क बिल्डर भरतो असे सर्वांना वाटते. राजकारण्यांना हा समज फार सोयीचा आहे, कारण बिल्डरला मते थोडी असतात. पण सही करणारा आणि भार सोसणारा एकच असतो असे नाही.

(पडद्यावर आकृती: शंभर भागांचा एक स्तंभ)

समजा, एक घर १०० भागांना विकले जाते. त्यातले ६० भाग बांधकाम, व्याज आणि कार्यालयीन खर्चात जातात, १२ भाग बिल्डरचा नफा, आणि उरलेले २८ भाग त्याने जमिनीसाठी मोजले आहेत. आता पालिकेने ६ भागांचे शुल्क लावले. ते आले कुठून? विक्रीची किंमत बिल्डरच्या मनावर नसते. ग्राहक ते घर जुन्या वस्तीतल्या घरांशी आणि शेजारच्या गावातल्या घरांशी ताडून पाहतो. म्हणून बिल्डर उलटा हिशेब करतो: विक्रीतून खर्च वजा, नफा वजा, उरले ते जमिनीला. जमिनीचा सौदा होण्याआधी हे शुल्क त्याला माहीत असेल, तर तो जमीनमालकापुढे २८ ऐवजी २२ भागांचा प्रस्ताव ठेवतो. सही बिल्डरची, पण भार जमिनीवर पडला. हाच तो सभेतून निसटलेला तिसरा माणूस: ज्याच्या जमिनीची किंमत त्याने स्वतः एक वीटही न रचता, केवळ भोवती वस्ती वाढल्यामुळे आणि तिथवर रस्ता आल्यामुळे कित्येक पटींनी चढली.

सौदा आधीच २८ भागांनी झाला असेल आणि शुल्क मागाहून आले, तर गणित पार बदलते. जमीनमालक पैसे घेऊन गेलेला असतो. मग एक तर बिल्डरचा नफा निम्मा होतो, नाहीतर तो प्रकल्प थांबवतो, आणि आसपास घरांची चणचण असेल तर किंमत चढते. चढलेली किंमत फक्त नव्या घरांपुरती राहत नाही, हे इथे विशेष लक्षात घ्यायला हवे: ज्या जुन्या घरावर कोणतेही शुल्क लागलेले नाही, तेही तेवढ्याच चढ्या भावाने विकले जाते. म्हणजे सभेत उठून शुल्काची मागणी करणारा जुना रहिवासी स्वतः काहीही न भरता वर नफ्यात राहतो. त्याच्या मनात तसे असते असे मी म्हणत नाही, पण हिशेब तसाच उतरतो.

त्यामुळे माझ्या दृष्टीने शुल्क किती असावे यापेक्षा ते किती आधी, किती स्पष्टपणे जाहीर झाले, हा प्रश्न मोठा आहे. ब्रिटनमध्ये या दोन पद्धती शेजारी शेजारी पाहायला मिळतात. १९९० च्या नगरनियोजन कायद्यातल्या कलम १०६ खाली प्रत्येक प्रकल्पाच्या वेळी पालिका आणि विकासक समोरासमोर बसून काय द्यायचे ते ठरवतात. त्यात वाटाघाटी लांबतात आणि ज्याच्याकडे चांगले वकील त्याचे पारडे जड होते. २०१० पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जी दुसरी आकारणी आली, तिचा दर पालिकेने दर चौरस मीटरला इतके पौंड असा आधीच छापून ठेवायचा असतो. छापील दर हातात असला की जमिनीचा भाव करतानाच तो वजा होतो.

मात्र जमिनीवरचा भार किती वाढवावा यालाही मर्यादा आहे, आणि तो धडाही ब्रिटननेच दिला. १९४७ च्या कायद्याने विकासाच्या परवानगीमुळे जमिनीची जी किंमत वाढेल ती शंभर टक्के सरकारजमा करायची ठरवली होती. तत्त्व म्हणून ते कितीही चोख असले, तरी जमीन विकून मालकाच्या हाती काहीच जास्त पडणार नसेल तर तो ती विकेल कशाला? व्यवहार गोठू लागले, आणि पुढच्या सरकारने काही वर्षांतच ती आकारणी रद्द केली.

या टोकाला न जाता वाढीव किमतीतला वाटा घेणाऱ्या जागाही आहेत. कोलंबियाने १९२१ च्या कायद्याने अशी पद्धत आणली, की एखाद्या सार्वजनिक कामामुळे ज्या मालमत्तांना लाभ होतो त्यांच्यावर त्या कामाचा खर्च वाटून द्यायचा. बोगोटा आणि मेडेयिनमधले कितीतरी रस्ते याच पैशांतून झाले. हाँगकाँगमध्ये रेल्वे महामंडळाला स्थानकांवरची आणि भोवतालची जागा विकसित करण्याचे हक्क रेल्वे येण्याआधीच्या भावाने मिळतात, आणि रेल्वे आल्यावर चढलेल्या किमतीतून मार्गाचा खर्च निघतो.

आता दुसरी बाजू. शुल्क घेणे सोपे झाले की ते हवे तसे घेण्याचा मोहही होतो. कॅलिफोर्नियाच्या एल डोराडो काउंटीत एका गृहस्थाला २०१६ साली स्वतःच्या जागेवर कारखान्यात तयार होणारे एक लहान घर बसवायचे होते. परवानगीसोबत त्याच्याकडून २३,४२० डॉलर वाहतूक शुल्क मागितले गेले. हा आकडा त्याच्या घरामुळे रस्त्यावर किती गाड्या वाढतील हे मोजून काढलेला नव्हता. इमारतीचा प्रकार आणि जागेचा विभाग पाहून तक्त्यातून उचललेला होता. त्याने निषेध नोंदवून पैसे भरले आणि दावा लावला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ आणि १९९४ च्या निकालांत आधीच दोन कसोट्या घालून दिल्या होत्या: परवानगीच्या बदल्यात जे मागितले जाते त्याचा त्या बांधकामाच्या परिणामाशी संबंध असला पाहिजे, आणि ते परिणामाच्या साधारण प्रमाणात असले पाहिजे. विधिमंडळाने किंवा स्थानिक मंडळाने सरसकट ठरवलेल्या शुल्काला या कसोट्या लागू नाहीत, असा काउंटीचा बचाव होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. शुल्क चुकीचे होते असे मात्र न्यायालय म्हणाले नाही. प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेले. हा निकाल मला योग्य वाटतो, कारण प्रमाणाची अट नसेल तर विकास शुल्क म्हणजे ज्याला अजून मत नाही अशा माणसावरचा कर होऊन बसतो. प्रमाणाचाच दुसरा भाग असा, की घर लहान असो की प्रशस्त, घरामागे एकच रक्कम घेतली तर लहान घर बांधणे आतबट्ट्याचे ठरते. क्षेत्रफळानुसार आकारणी केली तर हा दोष पुष्कळ कमी होतो.

आतापर्यंत मी शाळा आणि रस्ता एका दमात उच्चारत आलो, पण त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. टेक्सासचा १९८७ चा शुल्कविषयक कायदा पाणी, सांडपाणी, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि रस्ते यांसाठी शुल्क घेऊ देतो, शाळांसाठी नाही. रस्त्याचा वापर मोजता येतो. शाळेचा लाभ मात्र ज्याच्या घरात मूल नाही त्यालाही होतो, आणि म्हणूनच तिचा भार सर्वांनी उचलावा हा युक्तिवाद इथे अधिक जोरकस आहे. शिवाय नव्या वस्तीत तरुण कुटुंबे एकदम येतात, त्यामुळे पट एकदम फुगतो आणि पंधरा-वीस वर्षांनी तसाच ओसरतो. भरतीच्या मापाने बांधलेल्या शाळेत ओहोटीला वर्गखोल्या रिकाम्या राहतात, तर सरासरीच्या मापाने बांधलेल्या शाळेबाहेर पत्र्याच्या खोल्या येतात. त्या तात्पुरत्या खोल्या नेहमीच निष्काळजीपणाची खूण नसतात, हे शाळेच्या बाजूनेही सांगायला हवे.

आणि शुल्कातून बांधता येतात त्या भिंती. शिक्षकांचे पगार त्यातून देता येत नाहीत, कारण शुल्क एकदाच येते आणि पगार दर महिन्याला लागतो. रस्त्याचेही तेच. विकासकाने बांधून दिलेला रस्ता पालिकेच्या ताब्यात येतो तेव्हा तो फुकट मिळाल्यासारखा वाटतो, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. पंधरा-वीस वर्षांनी त्यावर नवा थर द्यावा लागतो, गटारे बदलावी लागतात, आणि तोवर तो विकासक दुसऱ्या गावात दुसरा रस्ता बांधत असतो. घरे दूर दूर असतील तर दर घरामागे रस्त्याची लांबी जास्त आणि घरपट्टी तेवढीच. म्हणून पालिकेच्या बैठकीत नव्या वसाहतीचा नकाशा समोर आला, तर शुल्काच्या आकड्याबरोबरच त्या नकाशातल्या रस्त्यांच्या पहिल्या मोठ्या दुरुस्तीचे वर्ष आणि त्या वर्षी तिथून अपेक्षित असलेली घरपट्टी, हे दोन आकडे लेखी मागून घ्या.