वेल ओढू नका, खणून काढा

[टाइमलॅप्स : वेलीचा कोवळा शेंडा हवेत गोल फिरतो आहे]

शेंडा आधार शोधतोय. काठी, तार, फांदी, जे वाटेत येईल त्याला तो विळखा घालतो. वेलीला स्वतःचं खोड जाड करत बसावं लागत नाही. झाडाने वर्षानुवर्षं उभं केलेलं खोड तिला शिडी म्हणून मिळतं आणि वाचलेलं सगळं बळ ती लांबी वाढवण्यात घालते.

[वेलीने झाकलेला झाडाचा शेंडा, कॅमेरा सावकाश खाली उतरतो]

ही जी हिरवी गर्दी दिसते आहे, तिच्यात झाडाची स्वतःची पानं फार थोडी उरली आहेत. वरचं ऊन वेलीला, खालचं ओझं झाडाला. भिजलेली ही जाळी वाऱ्यात फांद्या मोडते, कधी झाडच आडवं होतं.

[क्लोजअप : पान, आणि सालीत रुतलेले आकडे]

वेलीचं नाव कॅट्स क्लॉ. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. पिवळ्या फुलांच्या हौसेने ती दूरदूरच्या बागांत पोहोचली. पान नीट पाहा. दोन पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे दोन सुटे भाग, आणि तिसरीच्या जागी तीन नख्यांचा आकडा. भिंत असो वा झाडाची साल, या नख्या घट्ट रुततात. म्हणूनच वेल खालून ओढली की सालीचे टवके निघतात, वाळक्या फांद्या डोक्यावर येतात, आणि वेल नेमकी जमिनीलगत तुटते. जमिनीखालचा कंद जागेवरच. चार दिवस बाग स्वच्छ दिसते, मग एका खोडाच्या जागी चार धुमारे उभे राहतात.

[झाडाचा बुंधा, वेलीखाली लाकडी पाचर सरकते]

काम बुंध्यापासून सुरू होतं. वेल आणि साल यांच्यामध्ये पाचर सरकवून वेल बोटभर उचलायची, म्हणजे करवतीचा दात झाडाला लागत नाही. एक काप घोट्याच्या उंचीवर, दुसरा कमरेच्या, आणि मधला तुकडा काढून टाकायचा. अंगठ्याएवढ्या खोडाला सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुरतं, त्याहून जाड असेल तर छाटणीची करवत. बुंध्याभोवती पूर्ण फेरी मारा, मागची बाजू हाताने चाचपा. पेन्सिलीएवढं एक खोड सुटलं तरी वरचा भाग त्याच्यावर तग धरतो. दोन-तीन आठवड्यांनी वर पाहिलं की चूक आपोआप कळते : जिथे पानं अजून हिरवी आहेत, त्याच्या खाली एक खोड राहून गेलेलं आहे.

वर वाळलेलं जाळं तसंच राहू द्या. ते दिसायला वाईट दिसतं, पण सुकून हळूहळू गळतं आणि तेवढ्या काळात झाडाला इजा होत नाही.

[ओली माती, फोर्कचे दाते आत जातात, कंदांची माळ वर येते]

आता जमीन. खरं काम इथे आहे, आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या, कोरड्या मातीत कंदाची मान मोडते. फावडं नको, ते तुकडे करतं; दात्यांचा फोर्क वेलीपासून वीतभर लांब घालून माती सैल करा, मग हाताने चाचपत कंद सोडवा. कंद एकटा नसतो. जमिनीवरून सरपटणारी प्रत्येक दोरी पेरापेराला मुळं धरते, आणि अनेक पेरांखाली नवा कंद तयार असतो. दोरीचा माग धरून, एकेक पेर मोकळं करत पुढे सरकायचं. निघालेलं सगळं थेट बादलीत. मातीवर टाकलेला तुकडा ओल मिळाली की पुन्हा रुजतो.

झाडाच्या मुळांत अडकलेला कंद मात्र खणू नका. तिथे धुमारा दिसला की खुडायचा, दर दोन-तीन आठवड्यांनी, पान पुरतं उलगडण्याआधी. धुमारा फुटताना कंदातला साठा खर्च होतो. पान पसरलं की तो पुन्हा भरू लागतो. एक फेरी चुकली तर आधीच्या खुडण्याचा बराचसा फायदा जातो.

पानांवर तणनाशकाची फवारणी इथे करूच नये. वेल आणि झाड एकमेकांत गुंतलेले आहेत, फवारा दोघांवर पडतो. खणता न येणाऱ्या जाड खुंटाला लेबलवर परवानगी असलेलं औषध, हातमोजे घालून, ताज्या कापावर लगेच ब्रशने लावता येतं. त्यापलीकडे नाही.

[वाफ्यातली हरणखुरी; बोटांमध्ये मुळाचा छोटा तुकडा]

वाफ्यातल्या हरणखुरीलाही, म्हणजे वेलीसारख्या पसरणाऱ्या या तणालाही, हाच नियम. पांढरं, ठिसूळ मूळ, आणि पाच सेंटिमीटरचा तुकडासुद्धा पुन्हा फुटतो. यंत्राने माती उलटली की एका रोपाची शंभर होतात. तिचं बी मातीत कित्येक वर्षं टिकतं, म्हणून फूल दिसण्याआधी खुडा.

[पिवळसर अमरवेल, फांदीवरून सोडवताना दिसणारी शोषकमुळं]

अमरवेलीचं उलटं आहे. तिच्यासाठी जमीन खणून उपयोग नाही. उगवल्यावर काही दिवसांत तिला झाड सापडलं, की जमिनीशी नातं संपतं. या बारीक गाठी पाहा. ही शोषकमुळं थेट फांदीच्या आत शिरलेली आहेत. दोरा सोडवला तरी आत राहिलेल्या भागातून ती पुन्हा फुटू शकते, शिवाय तुटलेला तुकडा खालच्या फांदीवर पडून तिथेच चिकटतो. त्यामुळे आधी खाली कापड अंथरा, मग सर्वांत खालच्या गाठीच्या वीतभर खाली फांदीच कापा. कुंडीतलं छोटं रोप पूर्ण वेढलेलं असेल तर रोपासकट काढा. जीव तुटतो, पण शेजारच्या दहा कुंड्या वाचतात.

[काळ्या पिशव्या, उन्हात ओळीने]

काढलेली वेल खताच्या खड्ड्यात टाकू नका. घरगुती ढीग कंद आणि बी मारण्याएवढा तापेलच असं नाही. काळ्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा. पिशवी उघडल्यावर एक कंद कापून बघा : आतून ओलसर आणि कडक असेल, तर पुन्हा बांधा.

[मोकळा झालेला बुंधा, पुठ्ठे अंथरले जात आहेत]

मोकळ्या जमिनीवर ओले पुठ्ठे, कडा वीतभर एकमेकांवर चढवून, आणि त्यावर चार बोटं पालापाचोळा. बुंध्याला टेकवू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर साल कुजते. धुमारे बहुधा पुठ्ठ्यांच्या जोडावरूनच वर येतात; नजर तिथे ठेवा.

[पुठ्ठ्याच्या कडेतून वर आलेला एक लालसर धुमारा, सिकेटर]

हा चौदाव्या दिवशीचा. पुढची फेरी आणखी दोन आठवड्यांनी.